दोन रिकाम्या खुर्च्या: मकरपुऱ्यातल्या एका कारखान्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, चाळीसेक माणसांचा एक कारखाना आहे. तेल आणि वायूच्या पाइपलाइनींसाठी तिथे बॉल व्हॉल्व्ह बनतात. मालक दोघे मराठी भाऊ. आजोबा गायकवाडी काळात बडोद्याला आले ते इथलेच झाले. नावं टाळायची आहेत म्हणून मी त्यांना थोरले आणि धाकटे म्हणते. बँक, ऑर्डरी आणि परदेशी गिऱ्हाईक थोरल्यांकडे, मशीन शॉप धाकट्यांकडे. मी तिथे आठवड्यातून दोनदा जाते. पगारपत्रक, पीएफ आणि कामगार कायद्याची कागदपत्रं ही माझी कामं. त्यामुळे पुढे जे झालं त्यातल्या निम्म्या चुका माझ्या टेबलावरून गेल्या, हे आधीच सांगून टाकते.

या कारखान्याचा क्वालिटी इनचार्ज टेरिटोरियल आर्मीत (टीए), म्हणजे प्रादेशिक सेनेत, अधिकारी आहे. शॉपमध्ये सगळे त्याला कॅप्टन म्हणतात. दांडिया बाजारात राहणारा, पस्तिशीचा, मितभाषी माणूस. मुलाखतीतच त्याने सांगितलं होतं, ‘वर्षातले दोन महिने मी ट्रेनिंगला जाईन आणि कधी बोलावलं तर जावंच लागेल.’ थोरले म्हणाले होते, ‘अरे, अभिमानाची गोष्ट आहे.’ त्यापलीकडे कागदावर काही आलं नाही. तीन वर्षं तो ऑर्डरी कमी असताना दोन महिने जाऊन येत होता आणि सगळं सुरळीत चाललं होतं.

बडोद्याला गणवेशाचं अप्रूप नाही. फतेगंजला लष्कराचं ईएमई स्कूल आहे, शहरात विमानदलाचा तळही आहे. पण आठवडाभर व्हर्नियर घेऊन उभा असलेला माणूस अचानक लष्कराचा होतो, ही गोष्ट शहराच्याच नव्हे, आमच्या पगाराच्या सॉफ्टवेअरच्याही डोक्यात बसत नव्हती.

दुसरी खुर्ची: ब्रिस्टल

कारखान्याचं सर्वांत मोठं परदेशी गिऱ्हाईक ब्रिटनमधल्या ब्रिस्टलचं. त्यांचा इन्स्पेक्टर दर तीन महिन्यांनी बडोद्याला यायचा, पाण्याच्या दाबाची हायड्रो टेस्ट स्वतः उभं राहून बघायचा आणि जाताना न चुकता सेव-उसळ खायचा. २०२४च्या दिवाळीआधी त्याच्या कंपनीची मेल आली: आमचे इन्स्पेक्टर सहा महिने उपलब्ध नसतील, ते ब्रिटिश आर्मी रिझर्व्हमध्ये आहेत आणि त्यांची नेमणूक सायप्रसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत झाली आहे. सोबत बदली माणसाचं नाव, फोन आणि चार पानांचा हस्तांतर तक्ता होता. कुठला व्हॉल्व्ह कुठल्या टप्प्यात आहे, पोलादाच्या कुठल्या हीटचं, म्हणजे ओतीच्या घाण्याचं, सर्टिफिकेट अजून यायचं आहे, बडोद्यात कुणाशी काय बोलायचं, सगळं त्यात होतं. शेवटच्या ओळीत कॅप्टनचं नाव होतं: ‘शंका आल्यास यांना विचारा, हेही आमच्यासारखेच अर्धवेळ सैनिक आहेत.’

सायप्रसची शांतिसेना मार्च १९६४पासून तिथे आहे. ग्रीक आणि तुर्की सायप्रियटांमधला सुमारे १८० किलोमीटरचा मधला पट्टा ती सांभाळते. आपल्याकडे हे फारसं कुणाला आठवत नाही, पण आपले माजी लष्करप्रमुख जनरल थिमय्या याच सेनेचे प्रमुख असताना १८ डिसेंबर १९६५ रोजी तिथेच वारले. सायप्रसने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीटही काढलं. ब्रिटनकडून तिथे पाळीपाळीने जाणाऱ्या तुकड्यांत राखीव दलाचीही माणसं असतात. वर्षाला साधारण २७ दिवस द्यायची बांधिलकी असलेला कुणी शिक्षक, कुणी सुतार, कुणी आमचा व्हॉल्व्ह-इन्स्पेक्टर सहा महिने सायप्रसच्या राजधानीत, निकोशियात, गस्त घालतो आणि परत येऊन कामाला लागतो.

यामागे हिशेब आहे. शांतिसेना, परदेशी सैन्याला प्रशिक्षण, संयुक्त सराव ही कामं वर्षानुवर्षं चालतात, आणि त्यांना नेहमीच्या पलटणी गुंतवून ठेवणं कुणालाच परवडत नाही. अमेरिकेने तर या कामाची वेगळी घडीच बसवली आहे. १९९३ साली नॅशनल गार्डच्या, म्हणजे तिथल्या अर्धवेळ सैनिकांच्या, राज्यदलांना एकेक देश जोडून दिला: एस्टोनियाला मेरिलँड, लाटव्हियाला मिशिगन, लिथुआनियाला पेनसिल्व्हेनिया. युक्रेनला कॅलिफोर्नियाही त्याच वर्षी मिळालं. आज या जोड्यांतले भागीदार देश शंभरावर आहेत. मला यातली खुबी वाटते ती अशी, की नियमित अधिकाऱ्याची दोन-तीन वर्षांत बदली होते, पण गार्डचा माणूस वीस वर्षं त्याच गावात राहतो. समोरच्या देशातल्या त्याच माणसाला तो तरुण लेफ्टनंट असल्यापासून ओळखतो.

भारताचं तसं नाही. आपली प्रादेशिक सेना १९४८च्या कायद्याने उभी राहिली, ९ ऑक्टोबर १९४९ रोजी राजगोपालाचारींनी तिचं उद्घाटन केलं, आणि तिचा भर देशांतर्गत कामावर राहिला. केंद्र सरकारच्या आदेशाशिवाय तिच्या माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. तरी श्रीलंकेतल्या भारतीय शांतिसेनेच्या ऑपरेशन पवनमध्ये तिच्या तुकड्यांचा सहभाग होता. अलीकडे चिनी भाषा जाणणारे पाच अधिकारी तिने घेतले ते सीमेवरच्या बैठकांत दुभाष्याचं काम करायला. पलटणीत न घडणारं कौशल्य बाहेरून आयतं मिळतं, हा राखीव दलाचा दुसरा उपयोग.

ही सगळी चर्चा तेव्हा आमच्यासाठी जेवणाच्या सुट्टीतली होती. कॅप्टनने तो तक्ता प्रिंट करून फाइलला लावला आणि धाकट्यांना म्हणाला, ‘भाऊ, असा एक आपणही करून ठेवू.’ धाकटे हो म्हणाले, पण तो करायचा राहिला.

अडचण

६ मे २०२५च्या अधिसूचनेने लष्करप्रमुखांना प्रादेशिक सेनेतल्या प्रत्येक अधिकाऱ्याला आणि जवानाला बोलावण्याचे अधिकार मिळाले. पायदळाच्या ३२ बटालियनपैकी १४ सेवेत उभ्या करायच्या होत्या. आदेशाची मुदत ९ फेब्रुवारी २०२८पर्यंत आहे. पहलगामच्या हल्ल्यानंतरचे ते दिवस. ७ तारखेला शहरात मॉक ड्रिल झालं, आणि मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात कॅप्टनला हजर होण्याचा आदेश आला. हातात सात दिवस होते. कुठे जायचं, किती दिवस, हे त्याने सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

त्याच वेळी ब्रिटनची ६४ व्हॉल्व्हची ऑर्डर शॉपमध्ये होती आणि जूनअखेर माल निघायचा होता. खरा पेच माल वेळेत बनण्याचा नव्हता, सहीचा होता. अशा व्हॉल्व्हबरोबर ईएन १०२०४ या मानकाप्रमाणे ३.१ प्रतीचं सर्टिफिकेट द्यावं लागतं, आणि त्यावर उत्पादन विभागाच्या हाताखाली नसलेल्या, तपासणीचा अधिकार दिलेल्या माणसाची सही लागते. आमच्याकडे असा माणूस एकच होता. धाकट्यांना व्हॉल्व्हमधलं कॅप्टनइतकंच कळतं, पण ते स्वतः उत्पादन चालवतात, म्हणून त्यांची सही चालत नाही.

समोर असलेले पर्याय

सोमवारी संध्याकाळी ऑफिसात आम्ही चौघं बसलो: दोघे भाऊ, कॅप्टन आणि मी.

थोरल्यांनी मांडलेली पहिली वाट अशी: कॅप्टनने राजीनामा द्यावा, परत आला की त्याच पगारावर पुन्हा घेऊ. शब्द म्हणजे शब्द. त्यांच्या मनात पाप नव्हतं. पगारपत्रक स्वच्छ राहील, जागी दुसरा माणूस घेता येईल, एवढाच विचार. मी प्रादेशिक सेना कायद्याचं कलम ७-ए काढून पुढे ठेवलं. सैनिकी सेवेला बोलावलेल्या माणसाला रजा देणं आणि सेवा संपल्यावर आधीपेक्षा वाईट नसलेल्या अटींवर कामावर परत घेणं हे मालकाचं कर्तव्य आहे. आदेश निघाल्यानंतर नोकरी संपवली, तर ती कर्तव्य टाळण्यासाठीच संपवली असं गृहीत धरलं जातं. उलट सिद्ध करायचं ते मालकाने. थोरल्यांनी दंडाचा आकडा वाचला: एक हजार रुपयांपर्यंत.

‘ताई, हजार रुपये? एका व्हॉल्व्हच्या लाकडी खोक्याला याहून जास्त लागतात.’

खोटं नव्हतं ते. मी पुढची ओळ दाखवली. कोर्ट वर सहा महिन्यांचा पगार द्यायला लावू शकतं. पण त्या क्षणी कायद्याहून कॅप्टनचं एक वाक्य जड ठरलं. तो म्हणाला, ‘दादा, टीएमध्ये नागरी नोकरी ही अट आहे. नोकरी आहे म्हणून मी तिथे आहे.’ थोरले गप्प झाले. राजीनाम्याचा विषय तिथेच मिटला.

दुसरी वाट धाकट्यांची: मी सही करतो, कोण बघायला येतंय? असं अनेक कारखान्यांत होतं, हे लपवून उपयोग नाही. कॅप्टनने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. धाकटे म्हणाले, ‘बरं, बरं, बोललो फक्त.’

तिसरी वाट म्हणजे बटालियनला पत्र लिहून महिनाभराची मुदत मागायची. ब्रिटनमध्ये यासाठी सरळ रस्ता आहे. बोलावणं आलं की मालकाला सात दिवसांत पुढे ढकलण्याचा किंवा सवलतीचा अर्ज करता येतो. बदली माणसाच्या जादा खर्चाची भरपाई मिळते आणि छोट्या उद्योगाला वर महिन्याला ५०० पौंडांपर्यंत रक्कमही मिळू शकते. थोरल्यांना हे ब्रिस्टलच्या मेलमुळे ठाऊक होतं. ‘आपल्याकडे?’ त्यांनी विचारलं. आपला कायदा मालकाच्या कर्तव्यावर बोलतो, त्याच्या खर्चावर बोलत नाही. पत्र लिहायला कॅप्टनने नकार दिला. माझ्या जागी दुसऱ्या कुणाला तरी आधी जावं लागेल, एवढंच म्हणाला. माझ्या मते तो नकार त्याचाच होता, आणि आम्ही तो तसाच मान्य केला हे बरोबर झालं.

उरल्या दोन वाटा. एक, बाहेरची तपासणी संस्था बोलावून तिच्याकडून तपासणी आणि सही घ्यायची. दिवसाला बारा हजार आणि जाणं-येणं वेगळं. दुसरी, कॅप्टनच्या हाताखाली काम करणाऱ्या मुलीला सहीचा अधिकार द्यायचा. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा, चार वर्षांचा अनुभव, हायड्रो टेस्टचं रजिस्टर तिच्याच अक्षरात. थोरले म्हणाले, ‘ती लहान आहे.’ कॅप्टन म्हणाला, ‘गेल्या वर्षी माझ्या दोन चुका तिने पकडल्या.’

काय केलं

दोन्ही मिळून केलं. पहिल्या दोन खेपांना बाहेरची संस्था, आणि तोवर मुलीच्या नावाचं अधिकारपत्र गिऱ्हाइकाकडून मान्य करून घ्यायचं.

गिऱ्हाइकाला काय लिहायचं यावर तासभर वाद झाला. हा मला सगळ्यात नाजूक निर्णय वाटतो. सीमेवर तणाव असताना आपला माणूस लष्कराने बोलावला, हे परदेशात लेखी कळवावं का? थोरल्यांना वाटत होतं, ‘प्रकृतीच्या कारणाने रजेवर’ लिहू. खोटं कारण पुढच्या तपासणीत उघडं पडलं असतं, आणि खरं कारण जास्त सांगणंही चुकीचं होतं. शेवटी कॅप्टननेच वाक्य केलं: ‘आमचे क्वालिटी इनचार्ज प्रादेशिक सेना कायद्याखाली सैनिकी सेवेत रुजू होत आहेत.’ बटालियन, ठिकाण, मुदत काही नाही. मेल पाठवायच्या आधी त्याने ती दोनदा वाचली आणि ‘सध्याच्या परिस्थितीमुळे’ हे माझे दोन शब्द खोडले.

उत्तर त्याच दिवशी आलं. इन्स्पेक्टर एप्रिलमध्ये सायप्रसहून परतला होता. तीन आठवड्यांची मुदतवाढ, मुलीच्या नावाला तत्त्वतः मान्यता, पहिल्या टेस्टला व्हिडिओवर हजर राहण्याची अट, आणि जोडलेल्या फाइलमध्ये तोच चार पानी तक्ता, कोरा. वर एक ओळ: ‘हा भरल्याशिवाय त्यांना जाऊ देऊ नका.’

शेवटचे दोन दिवस कॅप्टन आणि ती मुलगी टेस्ट बेंचजवळ तक्ता भरत बसले होते. पाण्याचा दाब चढवून व्हॉल्व्ह बंद करायचा, ठरलेली मिनिटं काट्यावर नजर ठेवायची, सीटखाली बोट फिरवून ओल बघायची. कॅप्टन प्रत्येक वेळी तिलाच बोट फिरवायला सांगत होता. तिसऱ्या व्हॉल्व्हला ती म्हणाली, ‘कोरडं आहे, पण गेज बदला, हा चिकटतोय.’ गेज बदलला. जुना खरंच चिकटत होता.

निष्पत्ती

माल जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात गेला, म्हणजे वाढीव मुदतीच्या आत. ऑगस्टपासून सर्टिफिकेटवर मुलीची सही सुरू झाली. कॅप्टन सात महिन्यांनी, डिसेंबरमध्ये, परत आला आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर झाला. एवढंच लिहून थांबलं तर गोष्ट गोड होईल, पण मधल्या महिन्यांत आम्ही त्याच्या घरच्यांना जो त्रास दिला तो मांडायलाच हवा.

आमचं पगारपत्रक बाहेरची एक एजन्सी करते. त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये दहा दिवस अंगठा उमटला नाही की माणूस आपोआप ‘फरार’ होतो. मी रजेचं पत्र फाइलला लावलं होतं, पण सॉफ्टवेअरमध्ये ‘सैनिकी सेवा’ असा रजेचा प्रकारच नव्हता, आणि तो नाही हे मी तपासलं नव्हतं. जूनच्या मध्यावर दांडिया बाजारातल्या घरी रजिस्टर पत्र गेलं: आपण विनापरवानगी गैरहजर आहात, ४८ तासांत खुलासा करा. ते त्याच्या आईने घेतलं. त्या आठवड्यात मुलाचा फोन आलेला नव्हता.

सकाळी सव्वासातला मला फोन आला. ‘अहो ताई, यात लिहिलंय तो कामावर नाही. मग तो आहे कुठे?’

त्यांना ते पत्र कारखान्याचं वाटलंच नव्हतं. त्यांना वाटलं, लष्कराचं आहे. मी रिक्षा करून घरी गेले. पत्र देवघराच्या खाली, हळदीकुंकवाच्या डबीजवळ घडी करून ठेवलेलं होतं. समजावून सांगायला पाच मिनिटं लागली, पण त्यांचा हात थरथरायचा थांबायला बराच वेळ लागला.

दुसरी चूक जुलैत कळली. त्याच एजन्सीने पीएफच्या विवरणात त्याची नोकरी सोडल्याची तारीख टाकून दिली होती. कलम ७-बी म्हणतं, सैनिकी सेवेच्या काळात भविष्य निर्वाह निधीचे हक्क चालू राहतात. आमच्या विवरणाप्रमाणे तो माणूस नोकरीतच नव्हता. ग्रॅच्युइटीसाठी सलग पाच वर्षं मोजताना हीच तारीख उद्या आडवी आली असती. त्याच्या दुरुस्तीला मालक आणि कर्मचारी दोघांचं संयुक्त निवेदन लागणार होतं, कर्मचाऱ्याच्या फोनवर ओटीपी येतो, आणि त्याच्या फोनला रेंज नव्हती. तारीख तो परतल्यावरच बदलली गेली.

परत घेतानाही एक गाठ होती. ऑक्टोबरमध्ये सगळ्यांना पगारवाढ झाली होती. थोरल्यांचा पहिला कल असा, की तो इथे नव्हता, त्याला पुढच्या वर्षी देऊ. ‘सेवा खंडित झाली नसती तर ज्या अटी लागू झाल्या असत्या’ हे कलमातलं मोजमाप. त्या मोजमापाने वाढ त्याची होतीच. धाकट्यांनी ती परस्पर लावून टाकली. भावाभावांत दोन दिवस अबोला होता.

पुन्हा वेळ आली तर

मुलाखतीच्या दिवशीच तोंडी होकाराचं पत्र करायला हवं होतं. दर वर्षीचे दोन महिने सांभाळले म्हणून लांबचं बोलावणंही सांभाळता येईल, असं आम्ही गृहीत धरलं, आणि तिथेच फसलो. दोन महिन्यांत सही थांबवून ठेवता येते, सात महिन्यांत येत नाही. मुलीला अधिकार पहिल्याच वर्षी दिला असता, तर बाहेरच्या संस्थेची गरज पडली नसती. तिचं वय आडवं आलं ते आमच्या डोक्यात. गिऱ्हाइकाने एका मेलमध्ये मान्य केलं.

एजन्सीला मी दोष देऊ शकते, दिलाही. पण सॉफ्टवेअरमध्ये काय रकाना आहे ते बघणं माझं काम होतं. आता तिथे ‘सैनिकी सेवा’ हा प्रकार आहे, आणि घरी कुठलंही पत्र जाण्याआधी ते माझ्याकडे येतं. कॅप्टनच्या आईंकडे माझा नंबर त्यांच्या फोनमध्ये पहिला आहे. तो त्यांनीच घातला.

राजीनाम्याच्या वाटेबद्दल मात्र मी थोरल्यांना पूर्ण दोषी धरत नाही. ब्रिस्टलच्या मालकाला माणूस सायप्रसला पाठवताना हातात पैसा, मुदत आणि अर्जाची खिडकी मिळाली. मकरपुऱ्याच्या मालकाला एक कलम आणि हजार रुपयांचा दंड मिळाला. तरी त्याने माणूस ठेवला, जागा ठेवली, वाढही अखेर दिली. त्यातलं किती शब्दाखातर आणि किती गिऱ्हाईक बघत होतं म्हणून, हे मी ठरवू शकत नाही. थोरल्यांना विचारलं तर ते चहा मागवतात.

बाहेरच्या संस्थेचं बिल सगळं मिळून एक लाख चौऱ्याऐंशी हजार झालं. मार्चमध्ये ऑडिटर आले. टॅलीत ‘कॅप्टन खर्च’ नावाचं खातं बघून त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, हा नक्की कोणता खर्च? धाकटे म्हणाले, इन्स्पेक्शन. थोरले म्हणाले, देशसेवा. ऑडिटरांनी तो ‘इतर’मध्ये टाकला.